मोतीबिंदूवाले आले!

आमच्या ऑफिसातली जुनी मंडळी लग्नात भेटली की पंगतीला बसतात, पण जेवत नाहीत. एकानं नुसतं "ते सरपंच आठवतात का?" म्हणायचा अवकाश, वाढपी मठ्ठा घेऊन उभा राहून कंटाळून पुढे जातो. परवा माझ्या भाचीच्या लग्नात दिनेशच्या हातातली जिलबी हातातच राहिली आणि पाक कोपरापर्यंत ओघळला.

नवऱ्याकडच्या एका काकांनी भाचीला विचारलं, "हे कोण गं? एवढे हसतायत?"

"मावशीच्या ऑफिसातले. समाजसेवा करायचे."

"मग हसतायत कशाला?"

काकांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण मलाच ठसका लागला होता. आता सवडीनं देते.

आमची संस्था डोळ्यांची. तिचं रजिस्टर केलेलं नाव इतकं लांब होतं की ते आम्हालाही पाठ नव्हतं. गावोगाव आम्हाला 'मोतीबिंदूवाले' म्हणायचे. ऑफिस पेणला, गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि रोह्याला दोन खोल्या. खाडीकडे मिठागरांवरची माणसं उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून डोळे घालवून बसलेली. आत डोंगराकडे भात नि वाल पिकवणारी माणसं, ती "वय झालं, दिसायचं कमी होणारच" म्हणून गप्प बसलेली. त्यांना शोधायचं, तपासायचं, चष्मा द्यायचा, नाहीतर ऑपरेशनला आणायचं. एवढंच काम.

माणसं चार. कुंदाताई प्रमुख, शाळेतली नोकरी सोडून या फंदात पडलेल्या. दिनेश कासू गावचा, तो डोळ्यांचा नंबर काढायचा. नारूकाका जीप चालवायचे. आणि मी नंदा. उरलेलं सगळं माझ्याकडे.

*

माझा इंटरव्ह्यू जिन्यात झाला. वर खोलीत चष्म्यांच्या फ्रेमा वाळत घातल्या होत्या, बसायला जागा नव्हती.

कुंदाताईंनी विचारलं, "समाजसेवेची आवड आहे?"

मी नुकती बी.ए. झालेली, खोटं बोलायची प्रॅक्टिस नव्हती. म्हटलं, "नाही. आई म्हणाली घरात बसून डोकं खाऊ नकोस, कुठंतरी जा."

"उद्यापासून ये!"

मी चाट पडले. "पण मला आवड नाही म्हटलं ना?"

"म्हणूनच. आवडवाले वर्षभरात पळतात. येताना डोळ्यांत पाणी, जातानाही डोळ्यांत पाणी. मला कोरड्या डोळ्यांची माणसं हवीत."

मी तीस वर्षं राहिले. आई अजून म्हणते, "मी तुला कुठंतरी जा म्हटलं होतं, तिथंच राहा म्हटलं नव्हतं!"

*

नारूकाका आमच्याकडे येण्याआधी तंबूतल्या सिनेमाच्या गाडीवर होते. गावातून फिरत भोंग्यावर ओरडायचं काम. तंबू बंद पडला, आवाज शिल्लक राहिला.

गागोद्याच्या बाजूला एका गावात आमचा कॅम्प होता. ताई म्हणाल्या, "नारूकाका, आदल्या दिवशी जरा जाऊन सांगून या."

काकांनी सांगितलं. कसं सांगितलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही पोचलो तर देवळापुढच्या पटांगणात अख्खं गाव चटया टाकून बसलेलं! बायका लेकरं घेऊन, म्हातारे पुढे, तरणी मंडळी मागे कुडाला टेकून. एक जण भाजलेल्या शेंगांची टोपली घेऊन फिरतोय. आम्ही टेबल मांडलं, टाळ्या! दिनेशनं बॅटरी काढून एका आजोबांच्या डोळ्यांत मारली, परत टाळ्या!

मी हळूच एका बाईला विचारलं, "नंबर लावायचा सोडून सगळे असे बसलेत का?"

ती म्हणाली, "काल गाडी फिरली ना गो! आज! आज! आज! आपल्या गावात पयल्यांदाच! भव्य! मोतीबिंदू!"

ताईंनी काकांकडे बघितलं. काका टायरमधली हवा बघायला लागले.

आता एवढं गाव जमलंच आहे म्हणून आम्ही सगळ्यांचे डोळे तपासले. इतकी गर्दी आम्हाला आधी कधी मिळाली नव्हती. संध्याकाळी सामान आवरताना एक म्हातारा काठी टेकत आला आणि दिनेशला म्हणाला, "पोरानू, काम चांगलं केलंत. फक्त गानी कमी हायत."

*

आता ते सरपंच.

कासूच्या पलीकडे खाडीला लागून एक गाव. तिथं वाचता येणारे थोडे, म्हणून आम्ही अक्षरांचा तक्ता न लावता कंगव्यासारख्या चित्रांचा लावायचो. कंगव्याचे दात वर आहेत, खाली आहेत, की बाजूला, ते बोटांनी दाखवायचं. सोपं.

पण गावानं ठरवलं की ही परीक्षा आहे. आणि शेजारच्या गावासमोर आपलं गाव नापास होता कामा नये!

पहिली आजी उभी राहिली. तिला दिनेशसुद्धा धड दिसत नव्हता. तरी खिडकीतून आवाज आला, "वरती गो, वरती!" आजीनं बोटं वर केली. बरोबर!

दिनेशनं खिडक्या लावून घेतल्या. मग दाराबाहेर खोकला सुरू झाला. एक खोकला म्हणजे वर, दोन म्हणजे खाली. दिनेशनं दाराबाहेरच्यांना हाकललं. मग आतले म्हातारे एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. डावीकडून ढोसलं तर डावीकडे.

संपूर्ण गाव पहिल्या नंबरानं पास. दिनेश डोकं धरून बसला.

समारोपाला सरपंच उठले. छाती काढून म्हणाले, "आमच्या गावात एक पन डोला खराब नाय! लिवून घ्या!" टाळ्या झाल्या. मग ताईंचा सत्कार. सरपंचांनी झेंडूचा मोठा हार घेतला, चार पावलं ऐटीत चालत गेले आणि हार जीपच्या मागच्या स्टेपनीला घातला.

घातला, आणि वर हातही जोडले!

ताई दोन हात लांब उभ्या होत्या. नारूकाका म्हणाले, "टायर म्हणतोय, आभारी आहे."

पुढच्या खेपेला त्या गावात पहिला नंबर सरपंचांनी स्वतःहून लावला.

*

आमच्या खालच्या कारखान्यात वासूकाका आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळं रंगकाम झालं की शेवटी ते, आणि तेही कारखान्यातल्या सगळ्यात मुरलेल्या हाताकडे. वासूकाकांच्या डोळ्यांसाठी मुंबईची गिऱ्हाइकं वर्षभर आधी सांगून ठेवायची.

एका वर्षी ताईंना वाटलं, दिव्याखाली अंधार नको. खालच्या सगळ्या कारागिरांचे डोळे तपासले. वासूकाकांचा नंबर निघाला तो बघून दिनेशनं परत तपासला.

"काका, तुम्ही इतकी वर्षं डोळे काढलेत तरी कसे?"

"बोटांना माहीत असतं," काका म्हणाले.

त्यांना छान जाड काचांचा चष्मा दिला. त्या वर्षी त्यांनी आखणी केली ती अशी, की बुबुळ सुतात, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा! आम्ही चौघं बघायला खाली गेलो. ताईंना भरून आलं. मला म्हणाल्या, "नंदा, आपण हे कशासाठी करतो ते आज समजलं."

गणपती कारखान्यातून गेले, घरोघर बसले. विसर्जनानंतर गिऱ्हाइकं तक्रार घेऊन आली. दादरचे एक जुने गृहस्थ तर खास त्यासाठी पेणला आले. "काका, यंदा बाप्पा आमच्याकडे बघतच नव्हता हो!"

"मग कुठं बघत होता?"

"समोर! दरवर्षी कसं, खोलीत कुठंही बसा, आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. यंदा आपला सरळ समोर. बँकेत मॅनेजर बघतो ना, तसा. बायको आरती करताना घाबरत होती."

वासूकाका वर आले, चष्मा पुसून ताईंच्या टेबलावर ठेवला. "ताई, चष्मा झकास आहे. आता पेपर वाचता येतो, भातातले खडे दिसतात. पण हा देवाला लागू पडत नाही."

तेव्हापासून पेपरला चष्मा, देवाला बिनचष्मा. महिन्याच्या मीटिंगमध्ये दिनेशनं रिपोर्ट दिला, "पेशंट समाधानी. दैवत नाराज."

*

दिनेशचं दर वर्षी एकदा मन उडायचं. साधारण मे महिन्यात, जीपमध्ये भाजून निघाल्यावर. "हे सगळं कशासाठी करतोय आपण? एक मोतीबिंदू काढला की दुसरे चार तयार. माझ्याबरोबरचे कंपनीत लागले. शिफ्ट संपली की घरी. कॅन्टीनला दही मिळतं, दही!"

एका वर्षी खरंच नागोठण्याकडच्या एका कंपनीत लागला. आम्ही निरोप समारंभ केला. नारळ, शाल, सामोसे. नारूकाका रडले. ताई रडल्या नाहीत, पण त्यांनी सामोसा अर्धा ठेवला.

महिन्याभरात सकाळी ऑफिस उघडलं तर हा पायरीवर बसलेला.

"काय रे, काढलं?" ताईंनी विचारलं.

"नाही, सोडलं. थंडगार खोलीत बसायचं आणि एका काट्याकडे बघायचं. काटा हलला तर साहेबांना सांगायचं. ताई, काटा हललाच नाही!"

"मग चांगलंच की!"

"काय चांगलं? घरी गेलो की आई विचारते, आज काय झालं? मी सांगतो, काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी आईच म्हणाली, मेल्या, परत जा त्या डोळेवाल्यांकडे. रोज कुणीतरी तुला शिव्या द्यायचं, ऐकायला मजा यायची!"

ताईंनी चावी त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "ये. पण ती शाल आणून कपाटात ठेव. मे महिन्यात परत लागेल."

*

मग कधीतरी मुंबईच्या देणगीदारांच्या कानावर गेलं की आमचा स्टाफ थकलाय. त्यांनी मोटिव्हेशनसाठी एक ट्रेनर पाठवला. टाय लावलेला, गोरागोमटा, गोड बोलणारा मुलगा. नेमका जुलैत, आणि नेमका रोह्याला.

त्यानं आम्हाला सतरंजीवर बसवलं. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आता तुमच्या आयुष्याचा उद्देश डोळ्यांसमोर आणा."

बाहेर धो धो पाऊस, आत गार सतरंजी, आणि तीन दिवस कॅम्प करून आलेलो आम्ही. उद्देश यायच्या आधी झोप आली. चौघांनाही! नारूकाका तर घोरायला लागले. ट्रेनरला वाटलं, ध्यान लागलं. त्यानं आम्हाला बराच वेळ तसंच ठेवलं, तेवढे त्याचे उपकार.

मग टाळी वाजवली. "हं, काका, तुम्ही सांगा. काय दिसलं?"

काका दचकून उठले. खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "साहेब, अंबा नदीला पाणी चढलं असणार. नागोठण्याचा रस्ता गेला. तुम्ही काय आज घरी जात नाय."

खरंच रस्ता बंद, गाड्या बंद. तो बिचारा आमच्या दोन खोल्यांत अडकला. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला सकारात्मक विचार शिकवले. दुसऱ्या दिवशी त्याचे मोजे संपले आणि लाइट गेली. तिसऱ्या दिवशी तो पेशंटच्या बाकड्यावर बसून रडायला लागला. "मला ही नोकरी आवडत नाही! मला कुणी विचारतच नाही, तू कसा आहेस!"

नारूकाकांनी त्याला सुकट आणि तांदळाची भाकरी खायला घातली, पाठीवरून हात फिरवला. "व्हतं असं. जेव तू."

पाणी उतरल्यावर निघताना तो म्हणाला, "काका, एक विचारू? तुम्हाला इतकी वर्षं मोटिव्हेट कोण करतं?"

काका म्हणाले, "त्याचं नाय माहीत. पन सुट्टी कोन देत नाय, ते माहीत हाय."

*

देणगीदार कधीकधी स्वतःही यायचे. एकदा लंडनहून एक बाई आल्या. बारीक कापलेले केस, पँट, गॉगल. त्यांना ऑपरेशननं आयुष्य बदललेली एक व्यक्ती भेटायला हवी होती. आम्ही यमुनाबाईंना निवडलं, कारण त्या बोलक्या होत्या. तिथंच चुकलो.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, दिनेशनं मराठी करून सांगितलं, "आता दिसायला लागल्यावर कसं वाटतं?"

यमुनाबाई म्हणाल्या, "वाईट! आधी बरा होता. आता घरातली जलमटां दिसतान. भाताला खडे दिसतान. आनि सुनेचा तोंड दिसतंय. लगीन ठरवताना जरा बरी दिसली व्हती गो!"

दिनेश घामाघूम. इंग्रजीत म्हणाला, "त्या सांगतायत, आता मला माझं घर दिसतं, अन्न दिसतं आणि माझी लाडकी सून दिसते."

लंडनच्या बाईंनी गॉगल काढला. यमुनाबाईंच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "माझ्या आजीचा पन असाच झाला गो! पट्टी काढली नि पयला मलाच म्हनाली, पोरी, तुजे दात असे कसे?"

बाईंचं माहेर रोह्याजवळचं निघालं. दोघी संध्याकाळपर्यंत सुनांवर बोलत बसल्या. दिनेश जीपमध्ये जाऊन बसला, तो खाली उतरायलाच तयार होईना!

*

आणि हा शेवटचा. हा सांगताना आम्ही हसतो की काय करतो, ते आमचं आम्हालाच नीट कळत नाही.

खाडीच्या अगदी टोकाला मिठागरवाल्यांचं एक गाव होतं, तिथं आम्ही फार उशिरा पोचलो, ताईंची साठी उलटल्यावर. पण ताईंचा जीव त्या गावात जडला. आठवड्यातून एकदा तरी फेरी. तिथल्या हिराबाई आणि तिच्या मैत्रिणी ताईंना घरची असल्यासारखं वागवायच्या. 'अहो-जाहो' नाही, सरळ 'तू'.

एकदा ऑफिसच्या जिन्यात कारखान्यातला पुरुषभर उंचीचा एक गणपती प्लास्टिक गुंडाळून ठेवलेला होता. वर जाताना ताई थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "अहो, असे उभे का? वर या ना. चहा घेऊ."

मी आणि दिनेश मागेच होतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

दिनेशनं त्यांना खुर्चीत बसवून बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. कित्येक वर्षांचे!

"ताई, उद्याच ऑपरेशन करू."

"उद्या कसं? कॅम्प आहे."

"मग परवा."

"परवा मीटिंग."

दोन महिने हेच. आयुष्यभर माणसांना "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं" सांगणारी बाई स्वतःवर वेळ आली की भांडी घासायला काढायची! मी एक दिवस चिडून म्हटलं, "ताई, तुम्ही घाबरलात."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. खूप."

इतक्या वर्षांत त्यांना कशाला घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही बाई खरंच आंधळी होईल आणि आपण डोळ्यांची संस्था चालवत बसू.

नारूकाकांनी कुणालाही न विचारता जीप काढली आणि खाडीच्या टोकाला जाऊन हिराबाईला सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिथं कॅम्प लावला, तर कुणीच तपासायला येईना. बायका समोर ओळीनं बसलेल्या, डोळे घट्ट मिटून!

मी ते सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "हे काय गो हिरा?"

"तुजा व्हत नाय तवर आमी डोला उघडनार नाय."

"अगं, वेडी का तू? कामाचा खोळंबा होतोय!"

"व्हऊ दे. काय व्हत नाय गो ताय. मुंगी चावल्यासारखा वाटतंय. तूच सांगलंस ना!"

ताईंचा हात माझ्या हातात होता. तो सोडवून त्यांनी पदर खोचला. म्हणाल्या, "बरं."

पेणच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी आणि दिनेश लवकर गेलो, तर बाहेरच्या बाकड्यांवर ही गर्दी! हिराबाई आणि तिच्या गावच्या सगळ्या बायका. ठेवणीतली लुगडी, नाकात नथी, डोक्यात अबोलीचे गजरे, हातभर हिरव्या बांगड्या. एकीनं तर लग्नातला शालू काढला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. सिस्टर येऊन दोनदा म्हणाली, "अहो, लग्नाचा हॉल पुढच्या गल्लीत आहे."

कुणी हललं नाही.

डॉक्टर ताईंना धरून बाहेर घेऊन आले. पट्टी निघाली होती. ताई दारात थांबल्या. डोळे मिचकावले, परत उघडले. एकेका बाईकडे बघत राहिल्या. नथ, गजरा, तोंड. परत दुसरीकडे. कुणीच काही बोलेना, त्यामुळे ताईंना कोण कुठली काही कळेना.

शेवटी त्या हसून म्हणाल्या, "अगं, कोण तुम्ही? आणि एवढ्या नटून कुणाच्या लग्नाला निघालात?"

हिराबाईनं पदर सारखा केला. उभी राहिली.

"लगीन कुटला गो ताय! तू आज आमाला पयल्यांदा बगनार ना!"